गाड्यांचे रूट काढायचेत, लायब्ररी कुठली घेऊ?

डेपोवर पाच-सहा गाड्या आहेत, दिवसभरात दीडशे ठिकाणी माल टाकायचाय, आणि कुठली गाडी कुठे जाणार, कुठल्या क्रमाने जाणार हे आता कोडने ठरवायचंय. यालाच व्हेइकल राउटिंग प्रॉब्लेम म्हणतात, बोलताना सगळे नुसतं व्हीआरपी म्हणतात. डॅंट्झिग आणि रॅमसर या दोघांनी १९५९ साली पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांवर पेपर लिहिला तिथून हा विषय सुरू झाला, तेव्हापासून सॉल्व्हर (म्हणजे असे रूट काढून देणारे प्रोग्राम) एवढे झालेत आणि त्यातले बरेचसे फुकट आहेत, त्यामुळे नवीन माणसाला अडचण येते ती निवडताना.

माझं मत आधीच सांगतो. लायब्ररीचा स्पीड आणि बेंचमार्कमधला नंबर सगळ्यात शेवटी बघायचा. तुमच्या कामातली सगळ्यात किचकट अट कुठली ती आधी शोधा आणि जी लायब्ररी ती अट स्वतःहून समजते ती घ्या. उलटं केलं, म्हणजे आधी फास्ट म्हणून काहीतरी उचललं आणि नंतर अट बसवायला गेलात, तर पुढचे सगळे दिवस जुगाड करण्यात जातात.

पायरी १ : लायब्ररी लागते का ते बघा

एकच गाडी आणि आठ-नऊ स्टॉप असतील, वेळेची काही अट नसेल, तर सरळ सगळे क्रम तपासून बघितले तरी चालतं. १० स्टॉपचे क्रम होतात ३६ लाखांच्या वर, तेवढे कॉम्प्युटर सहज करतो. १५ स्टॉप झाले की तोच आकडा १.३ लाख कोटींवर जातो, म्हणजे तिथे हा मार्ग संपला. एका गाडीसाठी ओएसआरएम या रस्त्यांवरचे मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ट्रिप सर्व्हिसनेही काम भागतं, ती १० पेक्षा कमी ठिकाणं असतील तर सगळे क्रम तपासते आणि त्यापुढे अंदाजी पद्धत वापरते. पण दुसरी गाडी आली, किंवा कपॅसिटी आली, किंवा "यांच्याकडे ११ च्या आधीच पोचायचं" असं कुणी म्हणालं, की मग खरा सॉल्व्हर पाहिजे.

आणि कृपा करून स्वतः सॉल्व्हर लिहायला बसू नका. शिकायला म्हणून क्लार्क-राइट सेव्हिंग्ज जरूर लिहून बघा, १९६४ ची पद्धत आहे, एका संध्याकाळीत होते आणि विषय डोक्यात बसतो. रोजच्या वापरात मात्र ती पुरत नाही.

पायरी २ : अटी कागदावर लिहा

ही पायरी सगळे टाळतात, आणि बाकी सगळं हिच्यावरच ठरतं म्हणून इथे जरा वेळ घालवा. जे लोक आज हाताने रूट लावतात त्यांच्याजवळ बसा आणि विचारत रहा, कारण अर्ध्या अटी त्यांच्या डोक्यात असतात आणि कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतात.

कपॅसिटी म्हणजे वजन, आकारमान की नगांची संख्या? का तिन्ही एकदम? बऱ्याच ठिकाणी गाडी वजनाने अर्धी रिकामी असते आणि जागेने फुल्ल झालेली असते. टाइम विंडो (म्हणजे किती ते किती वाजता पोचायचं) कडक आहे की दहा मिनिटं उशीर झाला तर चालतो, हे नक्की विचारा, कारण कडक विंडो जवळपास सगळ्या सॉल्व्हरना जमते पण "उशीर चालेल, फक्त जेवढा उशीर तेवढा दंड" ही मऊ विंडो सगळ्यांना जमत नाही. एकीकडून उचलून दुसरीकडे टाकायचं असेल तर ती जोडी एकाच गाडीत आणि त्याच क्रमाने राहिली पाहिजे, ही वेगळी अट झाली. गाडी परत डेपोला येते की शेवटच्या स्टॉपवरून ड्रायव्हर घरी जातो? दुपारी परत माल भरून दुसरी फेरी मारते का? काही स्टॉपना ठराविकच गाडी लागते का, म्हणजे रेफ्रिजरेटर असलेली किंवा लिफ्ट असलेली? ड्रायव्हरचा ब्रेक, शिफ्टची लांबी, हे तर आहेच.

अजून एक प्रश्न, जो नवीन लोक विचारतच नाहीत: सगळ्या ऑर्डर मावल्या नाहीत तर काय करायचं? खऱ्या डेटात असे दिवस येणारच. काही सॉल्व्हर अशा वेळी उरलेल्या ऑर्डरची यादी हातात देतात, काही नुसतं "उत्तर नाही" म्हणून गप्प बसतात.

मग उद्दिष्ट. कमी गाड्या पाहिजेत, कमी किलोमीटर पाहिजेत, की सगळ्या ड्रायव्हरना साधारण सारखं काम पाहिजे? हे तिन्ही एकमेकांशी भांडतात. इथे एक बाजूची गोष्ट सांगतो, टाइम विंडोच्या प्रॉब्लेमसाठी सॉलोमनचे १९८७ चे ५६ नमुने प्रसिद्ध आहेत, प्रत्येकात १०० ग्राहक. त्यावर परंपरेने आधी गाड्या कमी करतात आणि मग अंतर, पण २०२१ च्या डायमॅक्स या सॉल्व्हरांच्या स्पर्धेत फक्त अंतर मोजलं होतं. म्हणजे नमुने तेच असले तरी दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आणि लोक बिनधास्त करतात.

लिहून झालं की यादीत "ही मोडली तर प्लॅन फेकून द्यावा लागेल" आणि "ही मोडली तर कुरकुर होईल" असे दोन भाग करा. पहिल्या भागातली सगळ्यात विचित्र अट, तीच तुमची लायब्ररी ठरवणार.

पायरी ३ : मॅट्रिक्स नीट करा

सॉल्व्हरला नकाशा कळत नाही, त्याला फक्त एक तक्ता (मॅट्रिक्स) कळतो, कुठल्या ठिकाणाहून कुठल्या ठिकाणी जायला किती सेकंद आणि किती मीटर. तो तक्ता चुकीचा असेल तर जगातला सगळ्यात भारी सॉल्व्हरसुद्धा चुकीचं उत्तर तुम्हाला फार सुंदर काढून देईल.

पहिल्या चाचणीला हवाई अंतर घेऊन त्याला १.३ ने गुणलं तरी चालेल. पण मध्ये नदी, रेल्वे लाइन किंवा हायवे असेल तर हा अंदाज पार फसतो, त्यामुळे लवकरात लवकर खऱ्या रस्त्यांवर या. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन ओएसआरएम, व्हॅलहाला किंवा ग्राफहॉपर आपल्याच सर्व्हरवर चालवता येतात आणि मॅट्रिक्स तिथून मिळते. ओएसआरएममध्ये टेबलची डिफॉल्ट मर्यादा १०० ठिकाणांची आहे, सर्व्हर सुरू करतानाच ती वाढवायची, नाहीतर १०१ वं ठिकाण आलं की एरर बघत बसाल. आणि आकाराचा अंदाज ठेवा, ५०० ठिकाणांचे अडीच लाख खाने होतात, ५००० चे अडीच कोटी, पैसे देऊन बाहेरच्या एपीआयवरून प्रत्येक खाना विकत घेत असाल तर हा गुणाकार आधी करून बघा.

बारीकसारीक पण हमखास नडणाऱ्या गोष्टी: ओएसआरएमला आणि व्रूमला (हा एक सॉल्व्हर, पायरी ४ मध्ये येतो) आधी रेखांश लागतो मग अक्षांश, उलटं दिलं की ठिकाणं कुठल्या तरी समुद्रात जातात. वन-वे मुळे जायचं आणि यायचं अंतर वेगळं असतं, म्हणून अर्धा तक्ता काढून आरशासारखा उलटा भरू नका. ओआर-टूल्स आणि पायव्हीआरपी (हेही पायरी ४ मधलेच सॉल्व्हर) पूर्णांकावर चालतात, त्यामुळे किलोमीटर आणि तासांच्या दशांशांऐवजी मीटर आणि सेकंद वापरा आणि राउंडिंग स्वतः करा. रस्ता सापडलाच नाही अशा जोड्या रिकाम्या येतात, तिथे शून्य भरलंत तर सॉल्व्हर आनंदाने सगळ्या गाड्या तिकडूनच नेणार.

स्टॉपवर लागणारा वेळ वेगळा धरा. एकाच बिल्डिंगमध्ये चार पार्सल असतील तर पार्किंगचा वेळ एकदाच लागतो, व्रूममध्ये यासाठी सर्व्हिस आणि सेटअप अशा दोन वेगळ्या वेळा देता येतात, सेटअप फक्त जागा बदलली तरच मोजला जातो. बाकी ठिकाणी हे मॅट्रिक्समध्येच घालावं लागतं.

पायरी ४ : आता लायब्रऱ्या

*व्रूम.* सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, लायसन्स बीएसडी, वापरायला मात्र सी प्लस प्लस यायची गरज नाही कारण जेसॉन द्यायचा आणि जेसॉन घ्यायचा. ओएसआरएम, व्हॅलहालाशी स्वतःच बोलतं त्यामुळे मॅट्रिक्सचं कामही वाचतं. प्रचंड फास्ट आहे. कपॅसिटी, टाइम विंडो, पिकअप-डिलिव्हरी, स्किल, ब्रेक, प्रायॉरिटी हे सगळं आहे, आणि न मावलेल्या ऑर्डर वेगळ्या यादीत देतं. उणीव एकच पण मोठी: फॉरमॅटमध्ये जी अट नाही ती घालायला जागाच नाही. मऊ विंडो नाही, दुसरी फेरी सरळ मांडता येत नाही (डेपोवरून उचलायची शिपमेंट म्हणून ओढूनताणून होते). आणि डिफॉल्टमध्ये ते प्रवासाचा वेळ कमी करतं, अंतर नाही, आणि गाडीचा फिक्स्ड खर्च शून्य धरतं, त्यामुळे "एवढ्या गाड्या का काढल्या" असा प्रश्न पडला तर आधी तो खर्च भरा.

*पायव्हीआरपी.* पायथनमधून वापरायचं, आतला जड भाग सी प्लस प्लस, लायसन्स एमआयटी. थिबो विदाल यांच्या हायब्रिड जेनेटिक सर्च या पद्धतीवर सुरू झालेलं काम आहे, आणि याच घराण्यातला कोड २०२१ च्या डायमॅक्स स्पर्धेत टाइम विंडोच्या गटात पहिला आला होता. वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या, अनेक डेपो, मध्ये परत माल भरणं, ऐच्छिक ग्राहक हे जमतं. नुसत्या उत्तराच्या दर्जावर बघायचं तर फुकटातलं माझं पहिलं नाव हेच. एक लक्षात ठेवा, मॉडेलमध्ये एजेस (दोन ठिकाणांमधल्या वाटा) एका दिशेच्या असतात, जायची आणि यायची वेगवेगळी टाकावी लागते, विसरलात तर ती वाट महाप्रचंड अंतराची धरली जाते आणि रूट विचित्र दिसायला लागतात.

*ओआर-टूल्स.* गुगलचं, अपाची लायसन्स, पायथन, जावा, सी शार्प सगळीकडून वापरता येतं, आणि नेटवर सगळ्यात जास्त उदाहरणं याचीच, म्हणून बरेच लोक इथूनच सुरुवात करतात. याची ताकद म्हणजे लवचिकता, डायमेन्शन नावाच्या एका कल्पनेत वजन, वेळ, अंतर सगळं बसतं, मऊ विंडो आहे, आणि आतल्या व्हेरिएबलवर स्वतःच्या अटीही लावता येतात. पण नवीन माणसाला हे जेवढं अडकवतं तेवढं दुसरं काही अडकवत नाही, म्हणून याच्या खाचखळग्यांवर थोडं जास्त लिहितो.

डिफॉल्ट सेटिंगवर चालवलं तर ते एक पहिलं उत्तर काढतं, थोडं सुधारतं आणि जिथे अडकेल तिथे थांबतं. लोक तेच उत्तर घेतात आणि "ओआर-टूल्स बेकार आहे" म्हणतात. गाइडेड लोकल सर्च (अडकलेल्या उत्तरातून बाहेर पडून शोधत राहायची पद्धत) चालू करा, मग उत्तर बरंच सुधारतं, पण तेव्हा टाइम लिमिट द्यायलाच पाहिजे, कारण ते स्वतःहून थांबत नाही. दुसरं, नोड आणि इंडेक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रत्येक गाडीच्या सुरुवातीला आणि शेवटाला स्वतःचा इंडेक्स असतो, त्यामुळे कॉलबॅकमध्ये मॅनेजरकडून नोड काढून न घेता थेट मॅट्रिक्स वाचलीत तर एकतर एरर येते, नाहीतर भलत्याच ठिकाणांची अंतरं वापरली जातात. तिसरं, वेळेच्या डायमेन्शनमध्ये स्लॅक शून्य ठेवला तर गाडीला कुठेही थांबून वाट बघता येत नाही, लवकर पोचली की प्लॅन बाद, आणि मग "सोल्यूशन मिळालं नाही" एवढंच कळतं, का ते नाही. त्याच डायमेन्शनमध्ये सुरुवात शून्यावर पक्की करायचा पर्याय असतो, वेळेसाठी तो बंद ठेवा, नाहीतर सगळ्या गाड्या शून्य वाजताच निघतात. आणि शेवटचं, प्रत्येक ऑर्डरला डिसजंक्शन (सोडायची मुभा) आणि मोठी पेनल्टी लावून ठेवा, म्हणजे न मावणारी ऑर्डर सोडून बाकीचा प्लॅन मिळतो. पायथन कॉलबॅक हळू पडतात, शक्य तिथे पूर्ण मॅट्रिक्सच रजिस्टर करा.

*टाइमफोल्ड.* ऑप्टाप्लॅनर म्हणून जे होतं त्याचा २०२३ मधला फोर्क. जावा किंवा कॉटलिन पाहिजे. इथे अटी तुम्ही कोड म्हणून लिहिता, प्रत्येक अट हार्ड की सॉफ्ट ते सांगता, आणि कुठल्या अटीमुळे किती गुण गेले हे नंतर बघता येतं. "या ग्राहकाकडे शक्यतो ओळखीचाच ड्रायव्हर जावा, पण सलग तीन दिवस नको" असल्या अटी असतील तर इकडेच या. बदल्यात शिकायला वेळ लागतो, आणि साध्या प्रॉब्लेमवर ते व्रूम आणि पायव्हीआरपीएवढं धारदार नसतं.

*जेस्प्रिट* पण जावातलंच, छोटं आणि वाचायला सोपं, उत्तर थोडं मोडायचं आणि परत जोडायचं अशा पद्धतीवर चालतं. *एलकेएच-३* केल्ड हेल्सगाउन यांचं, कितीतरी प्रकारचे व्हीआरपी सोडवतं आणि दर्जा अव्वल, पण लायसन्स शैक्षणिक आणि बिगर-व्यावसायिक वापरापुरतं आहे, कंपनीच्या कामात गुपचूप घालू नका. *व्हीआरपीसॉल्व्हरइझी* तेव्हा बघा जेव्हा उत्तर सर्वोत्तम असल्याचा पुरावाच पाहिजे, साधारण शंभर ग्राहकांच्या आसपास, संशोधनात उपयोगी, रोजच्या डिस्पॅचला नाही.

गुरोबीसारखा सर्वसाधारण सॉल्व्हर घेऊन समीकरणं स्वतः लिहावीत का, असं कॉलेजमधून आलेली मुलं हमखास विचारतात. पाठ्यपुस्तकातली मांडणी जशीच्या तशी टाकली तर काही डझन स्टॉपवरच ती धापा टाकायला लागते, शिकायला चालेल.

पायरी ५ : दोन निवडा, बाकी सोडा

आधी लायसन्सवर गाळा, मग टीमला येणाऱ्या भाषेवर, मग पायरी २ मधल्या त्या विचित्र अटीवर. एवढ्यात सहसा दोनच नावं उरतात. माझा ढोबळ हिशोब असा: अटी व्रूमच्या फॉरमॅटमध्ये बसत असतील तर व्रूम, विषय तिथेच संपला. पायथनची टीम आहे, अटी नेहमीच्या आहेत पण रोज हजारो किलोमीटर पळतात म्हणजे एक-दोन टक्क्यांनाही किंमत आहे, तर पायव्हीआरपी. मऊ विंडो किंवा जरा वाकड्या अटी असतील तर ओआर-टूल्स. अटींचं जंगल असेल आणि जावा येत असेल तर टाइमफोल्ड. दोनपेक्षा जास्त चाचणीला घेऊ नका, चार लायब्रऱ्या अर्धवट शिकून तुलना केली की जिंकते ती जिचं उदाहरण नीट कॉपी झालं ती.

पायरी ६ : स्वतःच्या डेटावर घासून बघा

खरे जुने दिवस घ्या, एक नेहमीचा, एक गर्दीचा, एक असा की ज्या दिवशी सगळं मावलंच नव्हतं. सॉल्व्हर चालवण्याआधी एक छोटा चेकर लिहा जो कुठल्याही लायब्ररीचा नाही: प्रत्येक ऑर्डर एकदाच आली का, कुठल्याही क्षणी कपॅसिटी ओलांडली का, विंडो पाळली का, एकूण खर्च किती. दोन्ही लायब्रऱ्यांचं उत्तर याच चेकरमधून काढा, त्यांनी स्वतः छापलेला खर्च जुळवत बसू नका कारण प्रत्येकाची खर्चाची व्याख्या वेगळी असते. त्या दिवशी माणसाने हाताने लावलेला प्लॅनसुद्धा याच चेकरमधून जाऊ द्या. तो बऱ्याचदा एखादी अट मोडत असतो, आणि तेव्हा कळतं की आपण कडक म्हणून लिहिलेली अट खरं तर कुरकुरीवाल्या भागातली होती.

वेळ दोघांना सारखीच द्या, १० सेकंद, ३० सेकंद, दोन मिनिटं, आणि प्रत्येक वेळी वेगवेगळे सीड (रँडम आकड्यांची सुरुवात) घेऊन चालवा. ३० सेकंदांनंतर आकडा हलतच नसेल तर जास्त वेळ देण्यात अर्थ नाही, आणि दोघांमधला फरक एका टक्क्याच्या आत असेल तर जिचा कोड सोपा ती घ्या. तुमच्या प्रवासाच्या वेळांचा अंदाजच त्यापेक्षा जास्त चुकलेला असतो.

मग रूट नकाशावर काढा. एकमेकांना कापणाऱ्या रेषा दिसल्या तर लगेच चूक समजू नका, विंडो असल्या की तसं होतं. पण एकाच गल्लीत तीन गाड्या जात असतील तर त्यामागची अट शोधा, आणि ड्रायव्हरला विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल कुठला रूट चालणार नाही.

पायरी ७ : लायब्ररी आणि तुमच्या कोडमध्ये भिंत ठेवा

ऑर्डर, गाडी, रूट हे तुमचे स्वतःचे साधे डेटा क्लास ठेवा आणि एकाच फाइलमध्ये ते लायब्ररीच्या भाषेत बदला. दुसरी लायब्ररी लावायची वेळ आली तर फक्त ती फाइल बदलते, आणि पायरी ६ ची तुलनाही यामुळेच सोपी होते. व्हर्जन पिन करा, कारण नव्या व्हर्जनमध्ये त्याच डेटावर वेगळे रूट येऊ शकतात आणि सकाळी डेपोवर गोंधळ उडतो. सॉल्व्हरला देण्याआधी इनपुट तपासा, गाडीपेक्षा मोठी ऑर्डर, शिफ्टच्या बाहेरची विंडो, नकाशाबाहेरचं ठिकाण, हे आधीच बाजूला काढलं तर "उत्तर नाही" चे निम्मे प्रकार गायब होतात.

ऑर्डर दिवसभर येत राहणार असतील तर आणखी एक गोष्ट निवडतानाच बघून घ्या, अर्धवट झालेला प्लॅन परत आत देता येतो का. ओआर-टूल्समध्ये आधीचे रूट सुरुवात म्हणून देता येतात आणि रूटचा सुरुवातीचा भाग लॉकही करता येतो, व्रूममध्ये गाडीबरोबर तिच्या स्टेप्स देता येतात, टाइमफोल्डमध्ये पिन करता येतं. ही सोय न वापरता दर वेळी कोऱ्या पाटीवरून सोडवलं तर एका नवीन ऑर्डरमुळे पाचही गाड्यांचे क्रम बदलतात, माल मात्र सकाळीच जुन्या क्रमाने भरलेला असतो.